माउथगार्डचे अर्थशास्त्र : प्रतिबंधाचा खर्च कोणी करावयाचा?

आरोग्य-अर्थशास्त्राचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांचे लक्ष बहुधा मोठ्या आकड्यांकडे जाते. आरोग्यावरील सार्वजनिक खर्चाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण, विमा योजनांची व्याप्ती, डॉक्टरांची संख्या हे सर्व महत्त्वाचे आहेच. तथापि, या विषयातील मूलभूत संकल्पना नीट उमगण्यासाठी कित्येकदा एखादी लहानशी वस्तू अधिक उपयोगी पडते. व्यक्तीच्या दातांच्या मापानुसार तयार केलेले माउथगार्ड, म्हणजे मुखरक्षक, ही अशीच एक वस्तू होय. मूठभरही नसलेल्या या साधनात मानवी भांडवल, अपेक्षित हानी, सामूहिक कृतीची समस्या, माहितीची विषमता आणि बाह्य परिणाम या पाचही संकल्पना एकत्र आढळतात. प्रतिबंधाचा खर्च आणि हानीचा खर्च यांचा हिशेब एकाच वहीत मांडला गेला नाही, तर फायद्याचा उपायही समाजात रुजत नाही, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

वस्तू एक, प्रयोजने तीन

माउथगार्ड या एकाच नावाखाली प्रत्यक्षात तीन भिन्न साधने ओळखली जातात. पहिले खेळाडूंचे. ते प्रायः वरच्या दातांवर बसते आणि आघाताचा जोर शोषून तो मोठ्या पृष्ठभागावर विभागते. त्यासाठी इथिलीन विनाइल ॲसिटेट हे लवचीक प्लास्टिक सर्रास वापरले जाते. दुसरे, झोपेत दात खाण्याची सवय असलेल्यांचे नाइटगार्ड. ते बहुधा कठीण ॲक्रिलिकचे असते. त्याने सवय बरी होत नाही. मात्र झीज दातांऐवजी त्या साधनाची होते. तिसरे, झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकारात, म्हणजे स्लीप ॲप्नियात, वापरावयाचे उपकरण. ते खालचा जबडा किंचित पुढे धरून ठेवते आणि त्यामुळे जिभेमागील श्वासमार्ग मोकळा राहण्यास मदत होते. यांपैकी एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही. खेळाचे माउथगार्ड घालून झोपल्याने घोरणाऱ्याचा श्वासमार्ग मोकळा होत नाही.

खेळाच्या माउथगार्डचे पुन्हा तीन प्रकार पडतात. दुकानात तयार मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर दाबून बसवावयाचे, आणि दंतवैद्याने माप घेऊन बनविलेले. तिसऱ्या प्रकारात दातांचा साचा घेतला जातो, त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती होते आणि तापविलेला प्लास्टिकचा पत्रा निर्वातात किंवा दाबाखाली त्या प्रतिकृतीवर बसविला जातो. असे माउथगार्ड घट्ट बसते व ते घालून बोलणे, श्वास घेणे सुकर होते. किंमत अर्थातच सर्वांत अधिक. पण जे साधन अडचणीचे वाटते ते खेळाडू खिशात ठेवतो, आणि खिशातील माउथगार्डची उपयोगिता शून्य असते.

या साधनाचा इतिहास मुष्टियुद्धापासून सुरू होतो. लंडनमधील दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी १८९० च्या सुमारास गटापर्चा या रबरसदृश पदार्थाच्या पट्ट्या मुष्टियोद्ध्यांच्या दातांवर बसविण्यास प्रारंभ केला. पुढे अमेरिकेतील शालेय फुटबॉलमध्ये १९६२ मध्ये आणि तेथील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९७३ मध्ये माउथगार्ड सक्तीचे झाले.

दात हे भांडवल

अर्थतज्ज्ञ मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्याकडे टिकाऊ भांडवलाच्या साठ्याच्या रूपात पाहावे, असा सिद्धान्त मांडला. यंत्राप्रमाणे या साठ्यालाही घसारा लागतो आणि आहार, व्यायाम, उपचार यांवरील खर्च ही त्यातील गुंतवणूक ठरते. दात हे या सिद्धान्ताचे उत्तम उदाहरण होय. तुटलेले हाड सांधते, कातडीची जखम भरते. परंतु दाताच्या बाह्य कवचाची झीज शरीर भरून काढू शकत नाही आणि पडलेला कायमचा दात पुन्हा उगवत नाही.

लहान वयात ही हानी अधिक महाग पडते. बारा वर्षांच्या मुलीचा समोरचा कायमचा दात हॉकीच्या काठीने पडला, तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत कृत्रिम दाताचे रोपण सहसा करता येत नाही. तोवर तात्पुरती सोय करावी लागते, ती वेळोवेळी बदलावी लागते. पैशांखेरीज बुडालेली शाळा, आई-वडिलांची बुडालेली मजुरी आणि हसताना तोंडावर जाणारा हात हाही या हानीचा भाग आहे. अर्थशास्त्रात पहिल्या दोहोंचे मोल संधी-खर्चाच्या रूपाने करता येते; तिसऱ्याचे मोल करणे कठीण असते, म्हणून ते शून्य धरले जाते. हा हिशेबातील दोष आहे, वास्तव नव्हे.

खर्च-लाभाचा साधा हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. समजा, मापाच्या माउथगार्डचा एका हंगामाचा खर्च २,००० रुपये आहे आणि दात गमावल्यास उपचारांचा एकूण खर्च ४०,००० रुपये येतो. खर्चाला हानीने भागले असता ०.०५ हे उत्तर येते. याचा अर्थ, १०० खेळाडूंमागे हंगामात किमान ५ इजा टळत असतील, तर माउथगार्डवरील खर्च भरून निघतो. यालाच समतोलाचा बिंदू म्हणता येईल.

आता हीच माउथगार्डे एखाद्या दंत महाविद्यालयात एकगठ्ठा तयार करून घेतली आणि खर्च ८०० रुपयांवर आला, असे समजू. समतोलाचा बिंदू ०.०२ वर येतो. म्हणजे १०० खेळाडूंमागे केवळ २ इजा टळल्या तरी योजना फायद्याची ठरते. या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. एक, उत्पादनखर्च कमी झाल्यास कमी जोखमीच्या खेळांतही माउथगार्ड परवडू लागते. दोन, निर्णय घेण्यासाठी प्रत्येक खेळात किती इजा होतात याची नोंद असावी लागते. नोंद नसेल तर भागाकारच मांडता येत नाही.

बाजारयंत्रणा अपुरी का पडते?

हिशेब फायद्याचा असेल तर लोक माउथगार्ड स्वतःहून विकत का घेत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची चार कारणे सांगता येतात.

पहिले कारण वर्तमानाकडे झुकणाऱ्या मानवी स्वभावाचे. खर्च आज करावयाचा असतो, लाभ मात्र अनिश्चित भविष्यात असतो. शिवाय तो लाभ दिसत नाही, कारण न झालेली इजा कोणाच्याच नजरेस पडत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाबाबत हा स्वभावदोषही नव्हे. आजच्या २,००० रुपयांसाठी त्याला कर्ज काढावे लागते.

दुसरे कारण सामूहिक कृतीच्या समस्येचे. पुढे २००५ मध्ये नोबेल पुरस्काराने गौरविले गेलेले थॉमस शेलिंग यांनी १९७३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात आइस हॉकीच्या शिरस्त्राणाचे उदाहरण घेतले होते. शिरस्त्राण हितकारक आहे हे खेळाडूंना ठाऊक असते. पण इतर कोणी घालत नसताना एकट्याने घातले तर भित्रेपणाचा शिक्का बसेल, खेळात आपण मागे पडू, अशी धास्ती प्रत्येकाला वाटते. सर्वांना सक्ती झाली तर मात्र तेच खेळाडू ती आनंदाने स्वीकारतात. अशा प्रसंगी नियम हा स्वातंत्र्यावरील घाला ठरत नाही. तो प्रत्येकाच्या मनातील इच्छा पूर्ण होण्याचा मार्ग ठरतो. उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगने १९७९ मध्ये नव्याने करारबद्ध होणाऱ्या खेळाडूंना शिरस्त्राण सक्तीचे केले. जुन्यांना सूट होती आणि शिरस्त्राणाविना खेळणारा शेवटचा खेळाडू १९९७ मध्ये निवृत्त झाला.

तिसरे कारण माहितीच्या विषमतेचे. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेतील अनिश्चिततेचे आणि जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन केले. ग्राहकाला गुणवत्तेचा अंदाज येत नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो, हे त्यातील सार. स्वस्त, सैल माउथगार्ड आणि मापाचे माउथगार्ड यांतील फरक पालकांना डोळ्यांनी ओळखता येत नाही. मग किंमत हाच एक निकष उरतो.

चौथे कारण बाह्य परिणामांचे. ते झोपेच्या उपकरणांबाबत ठळकपणे दिसते, त्याचा विचार पुढे केला आहे.

या कारणांमुळे माउथगार्डसारख्या साधनाची गणना रिचर्ड मसग्रेव्ह यांनी मांडलेल्या ‘मेरिट गुड्स’मध्ये, म्हणजे हितकारी वस्तूंमध्ये करता येते. व्यक्ती स्वतःहून जितका वापर करते त्याहून अधिक वापर समाजाच्या दृष्टीने इष्ट असतो, अशा या वस्तू होत.

न्यूझीलंडचा धडा

न्यूझीलंडमध्ये रग्बी हा लोकप्रिय खेळ आहे. तेथे १९७४ पासून अपघात भरपाईची सार्वजनिक योजना अमलात आहे. अपघात कोणाच्या चुकीने झाला हे न पाहता उपचारांच्या खर्चाला ती हातभार लावते. मैदानात तुटलेल्या दाताचा दावाही याच योजनेकडे येतो. त्यामुळे तेथे दोन गोष्टी आपोआप घडल्या. प्रत्येक इजेची नोंद झाली आणि इजांचा भार एका संस्थेच्या ताळेबंदात दिसू लागला.

पुढे १९९८ पासून तेथील रग्बीत सर्व स्तरांवर माउथगार्ड सक्तीचे झाले. एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९९५ मध्ये रग्बीतील दंत-इजांचे २,६४४ दावे नोंदले गेले होते. २००३ पर्यंत त्यांत ४३ टक्के घट झाली. खेळाडूंनी स्वतः सांगितलेले माउथगार्ड वापराचे प्रमाण १९९३ मधील ६७ टक्क्यांवरून २००३ मध्ये ९३ टक्क्यांवर गेले होते.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी. सक्तीपूर्वीही दोन तृतीयांश वापर होताच. नियमाने उरलेल्यांपैकी बहुतेकांना आत आणले. विमा मिळाला की माणूस निष्काळजी होतो, याला अर्थशास्त्रात नैतिक जोखीम म्हणतात. न्यूझीलंडमध्ये भरपाईची हमी आणि प्रतिबंधाची सक्ती या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि जोखीम आटोक्यात राहिली. सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मोटारींच्या संदर्भात मांडलेला आक्षेपही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. सुरक्षा साधनामुळे माणूस अधिक धाडस करतो आणि लाभ काही अंशी वाया जातो, असे त्यांचे म्हणणे होते. रग्बीतील दंत-इजांच्या दाव्यांत झालेली घट पाहता या प्रसंगी तो परिणाम लाभाला पुसून टाकण्याइतका नव्हता. अर्थात, माउथगार्डमुळे मेंदूला बसणारा हादराही टळतो, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. उच्चस्तरीय रग्बीत २०२४ पासून वापरात आलेली संवेदकयुक्त माउथगार्डे हादऱ्याचे मापन करतात; ती हादरा थांबवीत नाहीत.

भारतातील चित्र

मुष्टियुद्धात माउथगार्ड सक्तीचे आहे. आंतरराष्ट्रीय हॉकीच्या नियमांत तोंडाच्या संरक्षणाची केवळ शिफारस आहे. हरियाणातील भिवानी मुष्टियुद्धासाठी, तर ओडिशातील सुंदरगड आणि झारखंडमधील सिमडेगा हॉकीसाठी ओळखले जाते. अशा ठिकाणी मैदानावर येणारी अनेक मुले अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांतून येतात. कबड्डीत तर खेळाडूंची अंगाशी अंग भिडणारी झटापट हाच खेळाचा गाभा आहे.

दात तुटल्यानंतरचा खर्च आपल्याकडे कोण करते? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी थेट स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही प्रगती लक्षणीय आहे. परंतु २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. दाताचा उपचार बहुतांशी बाह्यरुग्ण स्वरूपाचा असल्याने त्याचा भार कुटुंबावरच राहतो.

हा भार लाखो कुटुंबांत विखुरलेला असतो. तो कोणत्याही एका संस्थेच्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून नियमाची मागणी नाही आणि नियम नाही म्हणून वापर नाही. न्यूझीलंड आणि भारत यांतील खरा फरक माउथगार्डच्या तंत्रज्ञानात नाही. तो हानी कोणाच्या वहीत मांडली जाते, यात आहे.

झोपेची उपकरणे : वेगळा निकष

झोपेतील श्वसनरोधाबाबत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगातील ३० ते ६९ वयोगटातील सुमारे ९३.६ कोटी लोकांना हा विकार आहे. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये भारतातील बाधित प्रौढांची संख्या सुमारे १०.४ कोटी असल्याचा अंदाज वर्तविला. यातील बाह्य परिणाम उघड आहे. रात्री झोप न झालेला ट्रकचालक दिवसा स्टिअरिंगवर डुलकी घेतो, तेव्हा त्याच्या आजाराची किंमत रस्त्यावरील अनोळखी माणूस मोजतो.

तरीही येथे सरसकट वाटपाची योजना योग्य ठरणार नाही. या विकारावर हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र श्वासातील अडथळे कमी करण्यात अधिक परिणामकारक आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थांनी २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ज्यांना हे यंत्र सोसत नाही किंवा नको असते, अशा प्रौढांसाठी मापाचे मुखोपकरण हा पर्याय आहे. झोपेची तपासणी करून निदान झाल्यावरच ते घ्यावयाचे असते. शिवाय त्यामुळे दात सरकणे, जबडा दुखणे असे परिणाम संभवतात, म्हणून वरचेवर तपासणी लागते. घोरणे थांबविण्याच्या नावाखाली विकले जाणारे तयार साधन वापरल्यास आवाज कमी होऊन विकार तसाच राहण्याचा धोका असतो. खेळाडूबाबत वापर न होणे ही समस्या, तर येथे निदानाविना वापर ही समस्या. म्हणूनच पहिल्या ठिकाणी अनुदान आणि सक्ती, तर दुसऱ्या ठिकाणी तपासणीची सोय आणि नियमन ही धोरणाची योग्य साधने ठरतात.

धोरणाची दिशा

संस्थात्मक चौकट आपल्याकडे मोठ्या प्रमाणात उपलब्ध आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. पालघर येथून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दंतविकारांचा समावेश आहे. खेलो इंडिया कार्यक्रमाला २०१७ मध्ये नवे स्वरूप मिळाले. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये विशिष्ट रुग्णासाठी, नोंदणीकृत व्यावसायिकाच्या लेखी सूचनेवरून तयार होणाऱ्या उपकरणाची स्वतंत्र व्याख्या दिलेली आहे. देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये मौखिक आरोग्यविषयक ठराव संमत केला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाने जगातील सुमारे ३५० कोटी लोक मौखिक विकारांनी ग्रस्त असल्याचे निदर्शनास आणले. त्यानंतर २०२३ ते २०३० या कालावधीसाठी कृती आराखडाही आखण्यात आला.

या चौकटीत तीन पावले टाकता येतील. पहिले, शालेय व जिल्हास्तरीय स्पर्धांतील दंत-इजांची एका साध्या नमुन्यात नोंद. याला खर्च नगण्य आहे. दुसरे, ज्या खेळांत नोंदींवरून जोखीम सिद्ध होईल तेथे प्रशिक्षण केंद्रांतील मुलांसाठी जवळच्या दंत महाविद्यालयांमार्फत माउथगार्ड तयार करून घेणे. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा सराव मिळेल आणि खर्च उतरेल. वाढत्या वयात जबडा बदलतो, म्हणून ठरावीक काळाने नवे माउथगार्ड देण्याची तरतूद मात्र हवी. तिसरे, पुरवठ्याची व्यवस्था झाल्यानंतरच सक्ती. आधी सक्ती आणि मग पुरवठा असा क्रम ठेवल्यास गरीब घरातील मूल मैदानाबाहेर राहील, आणि समतेच्या दृष्टीने ते अधिक घातक ठरेल.

याच्या जोडीला प्रशिक्षकांना एक प्राथमिक बाब शिकविणे आवश्यक आहे. कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मुळाकडून न धरता वरच्या भागाकडून उचलावा, कोरडा पडू न देता दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. दात पुन्हा बसविता येण्याची शक्यता या वेळेवर अवलंबून असते. हे ज्ञान मैदानावर उपस्थित असणे हीदेखील सार्वजनिक गुंतवणूकच होय.

सारांश, प्रतिबंध हा उपचारापेक्षा स्वस्त असतो हे विधान अर्धेच सत्य आहे. तो कोणासाठी स्वस्त, कोणत्या जोखमीला स्वस्त आणि त्याचे पैसे कोणी भरावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज ते धोरण होत नाही. एका छोट्या माउथगार्डच्या निमित्ताने विचारलेले हे प्रश्न लसीकरण, दुचाकीस्वाराचे हेल्मेट, खाणकामगाराचा मुखवटा अशा प्रत्येक प्रतिबंधक उपायाला लागू पडतात. विद्यार्थ्यांनी ही कसोटी इतर उदाहरणांवर स्वतः लावून पाहावी.

सरावासाठी प्रश्न

१. हितकारी वस्तू म्हणजे काय? खेळातील सुरक्षा साधनांच्या आधारे स्पष्ट करा.

२. प्रतिबंधक साधनाचा खर्च १,२०० रुपये आणि टळणारी हानी ३०,००० रुपये असल्यास १०० व्यक्तींमागे किमान किती इजा टळल्या पाहिजेत?

३. ‘सक्तीचा नियम कधी कधी व्यक्तीच्याच इच्छेची पूर्ती करतो.’ शेलिंग यांच्या विवेचनाच्या संदर्भात चर्चा करा.

४. कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या आरोग्य खर्चाचा प्रतिबंधक धोरणाच्या मागणीवर कोणता परिणाम होतो?